ट्रॉलरला प्लॉटर घ्यावा की लॅपटॉप? आणि चार्ट कुठले? (मालिम, गोवा)

मांडवीपार | ११ जून २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून लिहितोय.

मालिम जेटीवर आमचा एक ट्रॉलर आहे. बाबांनी घेतलेला, आता कागदोपत्री माझा. मी पणजीत नोकरी करतो. दर्यावर वर्षातून दोन-तीनदा जातो, आणि तेही बहुतेक उलट्या काढायला. बोट खऱ्या अर्थाने चालवतात आमचे तांडेलकाका. मूळचे मालवणकडचे, आमच्याकडे १९ हंगाम झाले. खलाशी ओडिशा-झारखंडचे, दरवर्षी निम्मे नवे.

प्लॉटर (चार्टवर बोट कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) म्हातारा झालाय. पडद्यावर उभ्या रेघा, दोन बटणं लागली तर लागली. त्यातच २०१९ पासून तारीख भलतीच दाखवतो, जवळजवळ वीस वर्षं मागची. काका म्हणतात, "तारीख बघूक कॅलेंडर आसा. जागो बरोबर दाखवता ना?" जागा बरोबर दाखवतो खरा. पण आतलं चार्टचं कार्ड कधीचं आहे ते आता कुणालाच आठवत नाही.

३१ जुलैपर्यंत बंदी, बोट बांधलेली. जे करायचं ते याच दोन महिन्यांत. एक तर नवा प्लॉटर फिशफाइंडरसकट घ्यायचा. नाहीतर घरातला जुना लॅपटॉप, त्यावर ओपनसीपीएन (चार्ट दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि यूएसबीचं जीपीएस. किंवा टॅब्लेट आणि वर्षाच्या वर्गणीचं ॲप. मेहुणा आयटीत आहे, तो लॅपटॉपवर अडून बसलाय. जेटीवरचे झाडून सगळे प्लॉटरवाले.

शिवाय एक वही आहे. काकांची, लांब पुठ्ठ्याची, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. जाळं कुठे अडकतं, माणकी कुठे मिळते, जुनं बुडालेलं बार्ज कुठे आहे, सगळे मार्क त्यात. निम्मे प्लॉटरमध्येही आहेत. प्लॉटर मेला की ते गेले. त्याचं काय करायचं तेही सांगा.

---

कोणीही_एक | ११ जून, रात्री ११.०२

गूगल मॅप लावा. तारल्यांच्या थव्यापर्यंत टोल फ्री रस्ता दाखवतो. :)

---

वास्को_२४व्होल्ट | १२ जून, सकाळी ७.१५

खारीवाड्यावर बोटींचं वायरिंग करतो, त्यामुळे माझं मत तारांच्या बाजूने.

लॅपटॉप केबिनमध्ये मरतो तो पाण्याने कमी आणि हादऱ्याने, उष्म्याने जास्त. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी ती काढून एसएसडी बसवा. वीज इन्व्हर्टरमधून घेऊ नका. २४ व्होल्टवरून लॅपटॉपला लागेल तेवढा व्होल्टेज देणारा चांगला डीसी-डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो स्वतंत्र फ्यूज घालून थेट बॅटरीवरून घ्या. इंजिनाला स्टार्टर मारला की व्होल्टेज खाली बसतं, आणि त्या क्षणी यूएसबी जीपीएस सुटतं. पडद्यावर बोट तिथेच उभी दिसते, तुम्ही मात्र पुढे गेलेले असता. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तेही नदीत.

पडद्याचंही बघा. साध्या लॅपटॉपचा उजेड २५०-३०० निट्सचा. बोटीसाठी बनवलेले प्लॉटर हजार निट्स आणि वर. दुपारी तीनला पश्चिमेकडे तोंड करून बसलात की फरक कळेल.

टॅब्लेट घेणार असाल तर एक खड्डा आत्ताच दाखवून ठेवतो: फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. सिमवाल्यात असतं. आणि उन्हात काचेमागे ठेवला की तापून स्वतःच बंद होतो.

तारखेचं: ते बिघडलेलं नाही. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवड्यांनी आकडा परत शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ ला तसं झालं. जुन्या मशीनच्या आतल्या प्रोग्रॅमला ते कळत नाही, म्हणून ते १०२४ आठवडे मागे गेलं. जागेवर परिणाम नाही. पण त्याच प्लॉटरमध्ये भरती-ओहोटीचं पान असेल तर ते चुकीच्या तारखेची भरती दाखवणार, हे तांडेलकाकांना सांगा.

---

मांडवीपार | १२ जून, दुपारी १.३०

सांगितलं. म्हणाले, "भरती माका चंद्र सांगता." विषय संपला.

---

बारा_ते_चार | १२ जून, रात्री ९.५०

कार्गो जहाजावर सेकंड ऑफिसर आहे, सध्या सुट्टीवर डिचोलीत. जहाजावर चार्ट अद्ययावत ठेवणं माझ्याच गळ्यात असतं, म्हणून जरा लांबण लावतो.

ओपनसीपीएन फुकट आहे, चांगलं आहे, मी स्वतः घरी वापरतो. पण पहिल्यांदा उघडलं की त्यात चार्ट नसतो. जगाचा एक ढोबळ किनारा असतो, त्यात मांडवी आणि झुवारी म्हणजे दोन खाचा. खोली नाही, बोया नाही, खडक नाही. तेव्हा 'चकटफू' हा शब्द जपून वापरा.

आपल्या पाण्याचे अधिकृत चार्ट काढतं नौदलाचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय, देहरादूनला. (समुद्राचे नकाशे डोंगराच्या पायथ्याशी, गंमतच.) इलेक्ट्रॉनिक चार्ट सेल नावाच्या तुकड्यांत मिळतो. सेलच्या नावात देशाच्या दोन अक्षरांनंतरचा आकडा बघायचा: १ म्हणजे अख्ख्या महासागराचं चित्र, ३ किनारपट्टी, ४ बंदराच्या वाटेवरचा भाग, ५ बंदर. ट्रॉलरला ३ आणि ४ लागतात, शिवाय स्वतःच्या बंदराचा ५. अख्ख्या हिंदी महासागराचा संच कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

हे सेल एस-६३ नावाच्या पद्धतीने कुलूपबंद असतात. किल्ली म्हणजे परवाना. तो ठराविक मुदतीचा आणि ठराविक सॉफ्टवेअरला किंवा मशीनला बांधलेला. ओपनसीपीएनमध्ये उघडायचे तर वेगळं प्लगइन लागतं. अशक्य नाही, पण मेहुण्याला एक रविवार द्यावा लागेल. आणि मशीन मेलं की किल्लीसाठी परत तोच सोपस्कार.

नॅव्हिऑनिक्स, सी-मॅप, गार्मिनचे ब्लूचार्ट ही खाजगी कार्डं. (नॅव्हिऑनिक्स २०१७ पासून गार्मिनकडेच आहे, त्यामुळे त्या दोघांतलं भांडण आता घरातलं.) वापरायला सोपी, रंग छान. पण खालचं मोजमाप बहुतेक ठिकाणी त्याच सरकारी सर्वेक्षणातून आलेलं असतं. कार्ड नवं घेतलं म्हणजे समुद्राचा तळ नव्याने मोजला असं नव्हे.

हे समजायला अधिकृत चार्टमध्ये एक सोय आहे, तिकडे कुणी बघतच नाही. प्रत्येक भागाला सर्वेक्षणाच्या विश्वासाचा दर्जा दिलेला असतो: ए-१, ए-२, बी, सी, डी. बी म्हणजे दाखवलेली जागा ५० मीटर इकडेतिकडे असू शकते, आणि खोलीत १ मीटर अधिक खोलीच्या २ टक्के इतकी चूक. सी म्हणजे जागेत ५०० मीटर, खोलीत २ मीटर अधिक ५ टक्के. म्हणजे सी दर्जाच्या भागात २० मीटर लिहिलं असेल तर ते १७ असू शकतं, आणि खडक अर्धा किलोमीटर सरकलेला. डी त्याहून वाईट. ओपनसीपीएनमध्ये चार्टवर राइट क्लिक करून 'ऑब्जेक्ट क्वेरी' घेतली की हे वाचता येतं. विकत घेण्याआधी आपल्या नेहमीच्या भागावर बोट ठेवून एवढं विचारा. दुकानदाराला उत्तर येत नसेल तर दुकानदार कळला.

झूमचा मोह हे दुसरं. १:३,००,००० चा चार्ट असेल तर त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे ३०० मीटर. तुम्ही बोटांनी ताणून तो जेटीएवढा मोठा केलात तरी माहिती तेवढीच राहते, रेघ फक्त जाड दिसते.

ईसीडिस वगैरे तुम्हाला लागत नाही, ते आमच्यासारख्या मोठ्या जहाजांचं. त्या नावाने जास्त पैसे मागितले तर पळा.

---

पेनड्राइव्ह_पांडू | १२ जून, रात्री १०.३०

एवढं कशाला? अख्ख्या जगाचे चार्ट एका पेन ड्राइव्हवर मिळतात, ओपनसीपीएनमध्ये सरळ उघडतात. जेटीवर कुणालाही विचारा. हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

---

बारा_ते_चार | १२ जून, रात्री १०.४८

माहीत आहे ते, सीएम-९३ म्हणतात त्याला. बरीच वर्षं झाली, त्यात नवीन काही भरलं गेलेलं नाही. चोरीचा माल हा एक भाग सोडून द्या. त्यात काही ठिकाणी चार्ट जमिनीसकट सरकलेला दिसतो, बोट देवळाच्या आवारात नांगरलेली.

आणि अद्ययावत का लागतं? गेल्याच महिन्याची गोष्ट. २५ मे ला केरळच्या किनाऱ्यासमोर 'एमएससी एल्सा ३' बुडालं, ६४० कंटेनरसकट. ते जहाज आता तळाशी आहे. पांडूशेठच्या पेन ड्राइव्हमध्ये ते कधीच येणार नाही. तिथे ट्रॉल ओढणाऱ्याचं जाळं जाईल ते जाईल, वायर ताणून बोट कलंडली तर? असे इशारे नॅव्हएरिया ८ च्या (आपल्या समुद्राच्या भागासाठीच्या) सूचनांत येतात, त्याही देहरादूनहूनच निघतात.

---

संपादक मंडळ | १३ जून, सकाळी ९.००

चोरीच्या सॉफ्टवेअरच्या किंवा चार्टच्या देवाणघेवाणीसाठी इथला व्यनि वापरू नये. पुढे असे प्रतिसाद उडवले जातील.

---

बेतुलची_सून | १३ जून, दुपारी ३.२०

आमचा पर्सिन (गोल जाळं टाकणारी बोट) कुटबण जेटीला असतो. मी दर्यावर जात नाही. डिझेलचा हिशेब, बर्फ, खलाश्यांचा पगार आणि रोज इन्कॉइसचा (मासळी कुठे असेल ते सांगणारी सरकारी संस्था) कागद काढणं माझ्याकडे.

बारा_ते_चार भाऊ, तुम्ही सांगितलंत ते सगळं खरं, पण आमच्या साल नदीच्या तोंडावर ते लागू पडत नाही हो. तिथली रेती दर पावसात जागा बदलते. गेल्या वर्षी ज्या वाटेने आत आलो ती यंदा नसते. तिथे उलटलेल्या बोटी आम्ही सगळ्यांनी पाहिल्यात. तुमच्या देहरादूनच्या चार्टवर ती वाट कशी येणार? मालिमवाल्यांच्या आग्वादच्या बारचंही (नदीच्या तोंडावरचा रेतीचा बांध) थोड्याफार फरकाने तेच. आम्ही काय करतो, तर हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या भरतीला पुढे छोटी होडी घालतो, तो हाताने खोली बघत जातो, आणि मागून येणारी बोट ट्रॅक (गेलेल्या वाटेची मशीनमधली नोंद) चालू ठेवून येते. तो ट्रॅक म्हणजे त्या वर्षीचा आमचा चार्ट. जुन्या वर्षाचा ट्रॅक त्याच दिवशी पुसून टाकायचा. दोन्ही ठेवले तर रात्री झोपेत माणूस चुकीची रेघ धरतो.

म्हणून घेताना मी विचारेन की ट्रॅक सहज सुरू करता येतो का, रंग बदलता येतो का, आणि बाहेर काढता येतो का. आमच्या आधीच्या मशीनमध्ये सगळं आत जायचं आणि बाहेर काही येत नव्हतं. मशीन गेलं, आठ वर्षं गेली.

दुसरं, इन्कॉइसचा मासळीच्या पट्ट्याचा कागद (पीएफझेड) वापरत असाल तर जपा. त्यात अक्षांश-रेखांश अंश-मिनिटं-सेकंदांत असतात, अंतर किलोमीटरमध्ये, खोली मीटरमध्ये. प्लॉटर बहुतेक अंश आणि दशांश मिनिटांत ठेवलेला, अंतर सागरी मैलांत. आणि तांडेल बोलतो वावांत! १० वाव म्हणजे १८ मीटर. एका कागदावर तीन भाषा. मी कागद काढला की आमच्या मशीनला चालेल तसं पेनाने बाजूला लिहूनच देते.

आणि तिसरं, मांडवीपार, तुम्हाला राग येईल, पण ती वही तुमची नाही.

---

मांडवीपार | १३ जून, सायंकाळी ६.०५

राग नाही आला, पण कळलंही नाही. बोट माझी, डिझेल माझं, मार्क बोटीवर मिळालेले. मग?

---

बेतुलची_सून | १३ जून, सायंकाळी ७.४०

तांडेलाला तुम्ही जास्तीचा वाटा का देता? सुकाणू धरतो म्हणून? सुकाणू तर दोन वर्षांत पोरगाही धरतो. मासळी कुठे असते हे त्याला ठाऊक आहे, म्हणून देता. ते सगळं तुम्ही लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलंत की पुढच्या वर्षी कमी पैशात कुणीही ठेवू शकता. तुम्ही तसं करणार नाही हो, पण काकांनी तो विचार केला नसेल असं समजू नका. आमच्याकडे एक चांगला तांडेल याच कारणाने मालप्याला गेला.

---

देवगडी | १४ जून, पहाटे ५.१०

बरोबर बोललात वहिनी. मी स्वतः तांडेल, २२ वर्षं. वायरलेसवर कधी कोण खरा मार्क सांगतो का? दोन मैल सोडून सांगतो. आणि समोरच्यालाही ते माहीत असतं, तो दोन मैल सोडूनच येतो.

मशीनचं माझ्या अनुभवातून. टच स्क्रीन नको. हाताला खवलं, पाणी, ग्रीस. पाऊस पडला की पडदा आपोआप नाचतो. बटणंवालं घ्या, आणि मार्क मारायचं बटण वेगळं पाहिजे, अंधारात चाचपून सापडलं पाहिजे. जाळं अडकलं की तीन सेकंदांत मार्क मारायचा असतो. मेनूत जायला वेळ नसतो, तोंडात शिव्या असतात.

लॅपटॉप मीही वापरून बघितला, मालकाच्या मुलाने दिला होता. आंग्रिया बँकेच्या बाजूला वारा सुटला, लॅपटॉप टेबलावरून उडाला तो थेट कालवणाच्या टोपात. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर बाहेर, आणि माझा चार्ट माशाच्या आमटीत. जुना छोटा जीपीएस खिशात होता म्हणून कंपास धरून घरी आलो. तेव्हापासून माझा नियम: काहीही घ्या, पण बोटीवर दोन वेगवेगळी जीपीएस पाहिजेत, आणि एक बॅटरीच्या सेलवर चालणारं.

---

शापोऱ्याचा_वारा | १४ जून, सकाळी १०.१५

एक विचारू? गोव्याच्या कायद्यात किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांचा. तो कुठल्या चार्टवर दिसतो का? आमच्या होड्यांच्या जाळ्यांवरून दर वर्षी ट्रॉलर जातात आणि वर म्हणतात, "कळलंच नाही." आणि रात्री एलईडी लावून बसणारे तर विचारूच नका, २०१७ पासून केंद्राची बंदी आहे म्हणे.

---

बारा_ते_चार | १४ जून, दुपारी १२.००

मी पाहिलेल्या एकाही कार्डावर तो पट्टा आखलेला नाही, पण "कळलंच नाही" हे कारण चालायचं नाही. ५ किलोमीटर म्हणजे २.७ सागरी मैल. किनाऱ्याला धरून तेवढ्या अंतरावर एक रूट आखायचा, त्याला लाल रंग द्यायचा, झालं. ओपनसीपीएनमध्ये अर्ध्या तासाचं काम, प्लॉटरमध्ये तासाभराचं. राज्याच्या हद्दीची, १२ सागरी मैलांची रेघही तशीच. उत्तरेला तेरेखोलपाशी आणि दक्षिणेला पोळेपाशी हद्दीच्या दोन रेघा मारून ठेवल्यात तर शेजारच्या राज्याच्या गस्ती बोटीशी हुज्जतही टळेल.

---

वास्को_२४व्होल्ट | १४ जून, रात्री ८.३०

ट्रान्सपाँडरचं कुणीच बोललं नाही. २० मीटरच्या आतल्या बोटींना आता इस्रोचं तंत्र असलेले ट्रान्सपाँडर बसवतायत, ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते देशभराची योजना सुरू झाली, एक लाख बोटी. मोबाईलला ब्लूटूथने जोडून 'नभमित्र' ॲपवर संदेश येतात-जातात, मोबाईलची रेंज नसली तरी. संकटात फार उपयोगी. पण काही मालक आता म्हणायला लागलेत, "नकाशा त्यात दिसतो, प्लॉटर कशाला?" तो चार्ट नव्हे. त्यावर तळाचा खडक शोधू नका.

मुरगावच्या बाहेर कोळशाची जहाजं नांगरलेली असतात, रात्री येणारी-जाणारीही. लॅपटॉप घेतलात तर सोबत नुसता ऐकणारा एआयएस रिसीव्हर (आसपासच्या जहाजांचे ओळख-संदेश पकडणारा) घ्या. ओपनसीपीएन त्याच चार्टवर ती जहाजं दाखवतं, आणि किती मिनिटांनी किती जवळून जाणार तेही सांगतं. तारा जोडताना एवढं लक्षात ठेवा: साधं जीपीएस ४८०० बॉडच्या वेगाने बोलतं, एआयएस ३८४०० च्या. दोन्ही एकाच वेगावर लावून "रिसीव्हर खराब निघाला" म्हणून परत करणारे मला वर्षाला चार भेटतात. आणि विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टचे त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच. बोटीवर इंटरनेट नसतं, त्यामुळे बिघडत काही नाही. उलट दर्यात मधेच "कृपया थांबा, अपडेट चालू आहे" येणं टळेल.

---

मांडवीपार | २७ जुलै, रात्री ११.२०

उशिरा येतोय, माफी असावी. काय ठरलं ते सांगतो.

केबिनमध्ये बटणंवाला प्लॉटर-फिशफाइंडर घेतला, कार्डासकट. दुकानात जाऊन सर्वेक्षणाच्या दर्जाचं विचारलं; पहिल्या दुकानात माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बांगड्याची जन्मपत्रिका मागतोय. दुसऱ्यात निदान कार्डाची आवृत्ती उघडून दाखवली, आणि मार्क जीपीएक्स फाइलमध्ये कार्डावर काढूनही दाखवले. तिथे घेतला. लॅपटॉपही आहे, पण घरी. त्यावर ओपनसीपीएन आणि आपल्या भागाचे चारच सेल. लाल रेघा तिथे आखून फाइल प्लॉटरला दिली. परवान्याच्या भानगडीत मेहुण्याचा एक नाही, तीन रविवार गेले.

आता वही. बेतुलच्या ताईंचं वाचून मी महिनाभर काकांकडे विषयच काढला नाही. मग गेल्या शनिवारी तेच पिशवी घेऊन घरी आले. म्हणाले, "जुन्या मशीनीतले मार्क नव्यात कशे जातले?" मी म्हटलं, जुन्यातून बाहेर येत नाहीत, हाताने घालावे लागतील. अट त्यांनीच घातली: घालायचे त्यांच्यासमोर, आणि लॅपटॉपमध्ये राहता कामा नयेत.

मग बसलो. मी वाचतोय, मेहुणा टाइप करतोय, काका खुर्चीत. पहिल्या पानावर एक मार्क, १५-२२-४५ (आकडे बदललेत, काळजी नको), समोर '१७ वाव, खडप, जाळां गेली'. मेहुण्याने १५ अंश २२.४५ मिनिटं घातलं. काका पडद्याकडे बघून म्हणाले, "हंय न्हय. हो सरकलो." जुना प्लॉटर लावून पाहिलं तर खरंच, मार्क अर्ध्या किलोमीटरहून जास्त दक्षिणेला बसला होता. ४५ हे सेकंद होते. ४५ सेकंद म्हणजे ०.७५ मिनिट.

मग कळलं की वहीची सुरुवातीची पानं एका जुन्या हातातल्या जीपीएसवरची, सेकंदांतली. पुढची प्लॉटरवरची, दशांशातली. मधे खूण काहीच नाही. शेवटचा आकडा ५९ च्या वर असला तर दशांश हे नक्की, २२-७८ असे सेकंद असूच शकत नाहीत. पण त्याखालचे? तिथे काकांची आठवणच. "हो मार्क तुझो बापूस आजारी पडलो त्या वर्साचो." म्हणजे जुना जीपीएस, म्हणजे सेकंद. "हो करोनातलो." म्हणजे प्लॉटर. १४२ मार्क असे बसवले, चहाचे सात कप. जे जुन्या मशीनमध्येही होते ते ताडून पाहिले, एक सोडून सगळे जुळले. तो एक काका म्हणाले तसाच राहू दे. का ते सांगितलं नाही.

---

बारा_ते_चार | २८ जुलै, सकाळी ६.४०

वा! वही आणि कागदी चार्ट जुना असेल तर आणखी एक बघा: जुन्या कागदी चार्टांची मोजणी वेगळ्या आधारावर केलेली असायची, जीपीएसची डब्ल्यूजीएस-८४ वर असते. चार्टच्या टिपेत किती सरकवायचं ते लिहिलेलं असतं. मार्क सगळे जीपीएसवरूनच घेतलेले असतील तर प्रश्न नाही.

---

देवगडी | २८ जुलै, सकाळी ७.१५

तो एक मार्क चुकीचा नाही. तो वायरलेसवर सांगायचा मार्क आहे.

---

शापोऱ्याचा_वारा | २८ जुलै, सकाळी ९.००

लाल रेघ आखल्याबद्दल आभार. ती बघतही जा.

---

मांडवीपार | ७ सप्टेंबर, रात्री ९.३५

नारळी पौर्णिमा होऊन, वारा जरा बसल्यावर बाहेर पडलो. बारवर पहिल्या भरतीला काकांनी ट्रॅक चालू केला, पुढे आमच्याच जेटीवरची होडी. मी केबिनमध्ये उभा होतो. नव्या कार्डावर जिथे तीन मीटर लिहिलंय तिथे फिशफाइंडर दोनाच्या खाली आला, तेही भरती असताना. काकांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते होडीवरच्या पोराच्या हाताकडे बघत होते.

मार्कांचं असं ठरलंय. ते वेगळ्या छोट्या कार्डावर आहेत. बाहेर पडताना काका ते प्लॉटरमध्ये घालून मार्क आत घेतात, परत आलो की मशीनमधून पुसून कार्ड काढून घेतात. नवीन मार्कही त्यातच. एक प्रत सीलबंद पाकिटात आमच्या देवघरात, ती फोडायची नाही हा शब्द. देवगडींना विचारून मार्काचं बटण कुठे आहे तिथे काकांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय, अंधारात हाताला लागावा म्हणून.

काल जेटीला लागल्यावर मासळी उतरवेपर्यंत मी बघत होतो. काकांनी कार्ड काढलं, बनियनला पुसलं, तंबाखूच्या डबीच्या झाकणात ठेवलं आणि डबी कमरेला खोचली. मेहुणा म्हणाला, "काका, त्यात तंबाखूचा चुरा जाईल, खराब होईल." काका म्हणाले, "तंबाखू दुसऱ्या डबयेत आसा."